केळीचा कोयता

२ मे १९८४

मार्सेल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस की पत्र फाडणार, हे ठाऊक असूनही लिहितोय. फाडू नको. बारा वर्षं झाली आपण बोलून. माफी मागायला लिहीत नाही, ती मला येतही नाही. काम आहे म्हणून लिहितोय.

आपला दवाखाना सरकार बंद करतंय. तुला हे सांगायला नको म्हणा, तू त्याच खात्यात, ठाण्याला पंख्याखाली बसतोस. ती फाईल तुझ्या टेबलावरून गेली असणार. फेब्रुवारीत डॉक्टरची बदली केली, दुसरा दिला नाही. मार्चमध्ये औषधं बंद. आणि एप्रिलमध्ये कागद आला की पेशंट येत नाहीत, सबब अठरा खाटा, बाळंतपणाचं टेबल आणि एक्स-रेचं मशीन स्टेशनजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवण्यात येईल. वा रे सायबा! चूल विझवायची आणि वर विचारायचं, जेवायला कोणी का येत नाही.

हा दवाखाना कोणी बांधला ते तुझ्या सायबाला सांग. माझी लिडिया गेली त्या वर्षी गावाने ठरवलं, आणि दोन वर्षं प्रत्येक घराने दर कापणीला केळीचा एक लोंगर, अख्खा घड, त्याच्यासाठी बाजूला काढला. खाडीकडच्या लोकांनी होड्यांतून रेती आणली. त्यांच्यातल्या बळीरामने तर स्वतःचं भाताचं खळं सोडून पाया खणला. भिंती उभ्या राहिल्यावर आम्ही तो सरकारला चालवायला दिला, हीच आमची चूक.

गेल्या शुक्रवारी अधिकारी पाहणीला आले तेव्हा आम्ही जीप अडवली. बायका पुढे बसल्या होत्या, बोलणं चाललं होतं. मग कोणीतरी दगड मारला. काच फुटली, अधिकाऱ्याची भुवई फाटली, पांढरा शर्ट लाल झाला. गावात सगळे सांगतात, कोणीतरी मारला. मी मारला. तुझ्यापाशी कशाला लपवू, माझा हात तुला माहीत आहे.

आता काम ऐक. आपली हेलन गरोदर आहे, दिवस जूनच्या मध्यावर भरतात. पोर पोटात उलटं आहे, पायाकडून. नर्स बर्था, जिने गेली दहा वर्षं गावची बाळंतपणं केली, ती म्हणते की पावसाळ्यात हिला गाडीत घालून पाच मैल खड्ड्यांतून हलवलं तर दोघंही हाती लागणार नाहीत. इथे टेबल आहे, मी आहे, इथेच करू, असं तिचं म्हणणं. हेलनचा नवरा बोटीवर, सप्टेंबरशिवाय येत नाही. बैलगाडीत मी बायको गमावली. मुलगी गमावणार नाही. जूनच्या अखेरीपर्यंत ती फाईल दाबून ठेव. एवढं कारकुनाच्या हातात असतं.

ॲन्सेल्म दादा


१२ मे १९८४

मार्सेल,

तुझं उत्तर नाही. फाईलही थांबली नाही. परवा, दहा तारखेला, ट्रक आला.

नीट वाच, कारण पेपरात सगळं उलटंसुलटं छापलंय. सकाळी आठला ट्रक दवाखान्यात शिरला, मागे पोलिसांची गाडी. हमालांनी खाटा भरायला घेतल्या. आम्ही तिथे भांडलो नाही, आम्ही वाडीत गेलो. रस्त्याचा तो सखल भाग आठवतो ना, वळणावरचा, दोन्ही बाजूंना केळी? तिथे आठ विहिरींवरच्या मोटरी चालू केल्या आणि सगळे पाट फोडून पाणी रस्त्यावर सोडलं. दोन तासांत गुडघाभर चिखल. ही अक्कल माझी. जन्मभर केळी शिंपली, म्हटलं एकदा सरकारला शिंपू.

ट्रक भरून निघाला आणि वळणावर रुतला. पोलिसांची गाडी त्याच्या मागे अडकली. समोर आम्ही दीडेकशे माणसं, आपल्या आळीची आणि खाडीकडची. बायका चिखलात बसल्या. पोलीस उतरले आणि काही न विचारता लाठ्या चालवायला लागले. चिखलात पळता येत नाही. माणूस पडतो, आणि उठेपर्यंत पाठीत दोन बसतात. उर्सुलाकाकीचा हात कोपराखाली मोडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. फ्लॉसीच्या तोंडावर काठी बसली, पुढचे दात गेले. मग आमच्याकडूनही सुटले दगड, विटा, हाताला येईल ते. एका हवालदाराचं तोंड दोघांनी चिखलात दाबून धरलं होतं, तो पाय झाडत होता. फादरांनी त्या दोघांच्या मुस्काटात मारून त्याला ओढून काढला म्हणून तो वाचला.

ट्रकच्या ड्रायव्हरने गाडी बायकांच्या अंगावर घातली, त्यावरून पेटलं. त्याला मानेच्या बाजूला कोयता लागला, खांद्यापर्यंत उघडला. पोलीस पोचले तेव्हा कोयता बळीरामच्या हातात होता. पात्यावरून रक्त गळत होतं आणि बळीराम नुसता उभा होता. त्याला तिथेच आडवा पाडून बुटांनी तुडवला. चौकीत नेऊन पुन्हा मारला. काही विचारलं तर बोलत नाही, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

ड्रायव्हरला मुंबईला न्यायला रस्ता नव्हता. तो आम्हीच घालवला होता. चार तास तो आपल्या दवाखान्यात जमिनीवर पडून होता, कारण खाटा सगळ्या ट्रकमध्ये. बर्थाने शिवलं, पण डॉक्टर नाही, चढवायला रक्त नाही. शेवटी एका दरवाजाच्या फळीवर घालून चौघांनी त्याला चिखलातून पलीकडे नेला. त्या चौघांत मी होतो. संध्याकाळी बायकांनी ट्रकमधल्या खाटा आणि टेबल उतरवून परत जागच्या जागी ठेवलं. दवाखाना अजून आहे.

चाळीस माणसं आत आहेत. बळीरामला ठाण्याला नेणार म्हणतात. तू तिथे आहेस, त्याच्यासाठी वकील बघ. त्याचे आपल्या घरावर उपकार आहेत. लिडियाची गाडी त्यानेच हाकली होती.

दादा


२० मे १९८४

मार्सेल,

बारा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एक ओळ. 'दादा, बळीरामच्या घरी केळीचं एक झाड नाही, त्याच्याकडे केळीचा कोयता कुठून आला?'

बरा शोध लावलास. पंचनाम्याची नक्कल तुमच्या ऑफिसात आली असेल, आणि तू ती वाचत बसलास. पोलिसांना कोयता म्हणजे कोयता. ते घाटावरचे, त्यांना काय कळणार की खाडीकडचा माणूस भात विळ्याने कापतो आणि त्याच्या घरी हे हत्यार नसतं. पातळ पातं, टोकाला आत वळलेलं, खोड एका घावात उतरवणारं. आणि तू म्हणतोस, मुठीवर तांब्याची तार गुंडाळलेली असं लिहिलंय. हो, बाबांनी गुंडाळलेली. मग? मी बळीरामला तो उसना दिला होता. माडाच्या झावळ्या तोडायच्या होत्या त्याला. शेजारीपाजारी वस्तू देतात-घेतात. तुम्हा शहरातल्या लोकांत ते राहिलं नसेल.

मी तुला वकील बघ म्हणून लिहिलं, माझी उलटतपासणी घे म्हणून नाही. तुझा एक कान मी घालवला, मान्य. त्याचा सूड असा उगवणार का? तसं असेल तर सरळ येऊन माझा कान फोड, दार उघडं आहे.

हेलनचे पाय सुजलेत. बर्था रोज येऊन पोटाला हात लावून बघते. पोर अजून उलटंच आहे.

ॲन्सेल्म


२८ मे १९८४

मार्सेल,

ड्रायव्हर शनिवारी मेला. मुंबईत, सोळा दिवस तापात राहून. आता बळीरामवर खुनाचं कलम लागलं. त्याला फाशी होईल नाहीतर जन्मठेप.

त्या माणसाचं नाव श्रीपत होतं. सोळा दिवस मी त्याला ड्रायव्हरच म्हणत होतो. बर्थाने सांगितलं नाव. शिवताना तिने विचारलं होतं, शुद्ध जाऊ नये म्हणून. दोन मुली आहेत, हेही त्याने सांगितलं.

कोयता मी उसना दिला नव्हता. खोटं लिहिलं तुला. त्याने ट्रक बायकांच्या अंगावर घातला, तेही खोटं. ट्रक केव्हाच रुतला होता, इंजिन बंद होतं. तो खाली उतरून माझ्यापुढे हात जोडून उभा होता. म्हणाला, 'दादा, मी भाड्याचा माणूस आहे. खाटा तुमच्या तुम्ही घ्या, मला जाऊ द्या.' मी ऐकलं, मार्सेल, शब्द न शब्द ऐकला. मागे उर्सुलाकाकी ओरडत होती, तिचं हाड मी नुकतंच पाहिलं होतं. ज्या पोलिसाने मारलं तो माझ्या हाती लागत नव्हता, आणि हा समोर होता. केळीच्या खोडाला घालतो तसा तिरका घातला. रक्त माझ्या तोंडावर उडालं, गरम. तो पडला तरी मी दुसरा घाव उचलला होता. बळीरामने मागून माझं मनगट धरलं, पिळलं आणि कोयता हिसकून घेतला. मी पाण्यात बसकण मारली. तेवढ्यात पोलीस आले आणि त्यांना हत्यारासकट माणूस मिळाला. बळीरामने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तुलाही मी असाच मारला. तू स्टेशनवरून टॅक्सी आणणार होतास. रेल्वेचं फाटक पडलेलं, तू टॅक्सीत पलीकडे, लिडिया गाडीत अलीकडे, आणि मालगाडी संपता संपत नव्हती. फाटक उघडेपर्यंत ती गेली, पोर पोटातच. तुझा काय दोष होता? काही नाही. पण फाटक उघडल्यावर तू समोर आलास, आणि माझ्या हातात बैल हाकायचा सोटा होता. बारा वर्षं मी गावात सांगत आलो की मार्सेलने उशीर केला. लाज वाटते मला.

काल चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी तसाच चौकीवर गेलो. देवाशपथ गेलो. फौजदाराला म्हटलं, घाव माझा, बळीरामला सोडा. त्याने दार लावून घेतलं आणि मला समजावलं. दवाखान्यासाठी लढणाऱ्या गावच्या कमिटीशी वरच्यांचं बोलणं झालंय: चाळीस माणसं सुटली, दवाखाना दिवाळीपर्यंत हलणार नाही, आणि एका आरोपीवर केस. आरोपीने गुन्हा नाकारला नाही, त्याच्या बायकोनेही काही तक्रार केलेली नाही. आता नवा आरोपी उभा राहिला तर सगळं पहिल्यापासून. मग समझोता गेला, चाळीस जण परत आत, आणि दवाखाना दुसऱ्या दिवशी रिकामा. वर म्हणाला, 'घरी मुलगी पोटुशी आहे ना तुमच्या? मग जा घरी.'

आणि मी घरी आलो. त्याने मला हाकललं नाही. मीच आलो.

मार्सेल, आता नीट ऐक, तुझे पाय धरतो. तुला कोयता ओळखता येतो हे फक्त मला आणि तुला माहीत आहे. तीन आठवडे तोंड उघडू नको. हेलन मोकळी होऊ दे. मग मी स्वतः जाईन. बळीराम आत मार खातोय हे मला कळतं. मी जेवायला बसलो की कळतं. पण दवाखाना आज हलला तर हेलन लिडियाच्या वाटेने जाईल, आणि तेव्हा मी कोणाला मारीन, मलाच माहीत नाही.

दादा


१८ जून १९८४, सोमवार सकाळ

मार्सेल,

तुझं पत्र आलं नाही, म्हणजे तू थांबलास. हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या ऑफिसच्या दारावर शिपायाकडे देऊन पुढे कोर्टात जाईन.

हेलनला काल मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी दोनला सुटका. पाय आधी आले, मग कंबर, मग हात वर गेल्यामुळे अडकली. बर्थाने कोपरापर्यंत हात घालून सोडवलं. टेबलाखाली रक्ताचं थारोळं, मी बाहेरून बादल्या देत होतो. पोरगी निळी होती. बर्थाने तिला उलटी धरून पाठीत थापट्या मारल्या, तोंडातलं ओढून काढलं, पुन्हा मारल्या, तेव्हा कुठे रडली. बर्था म्हणाली की गाडीत असती तर फाट्यापर्यंतसुद्धा पोचली नसती. हेलनच्या अंगात रक्त उरलं नाही, पण ती जिवंत आहे. थोडी पेज प्यायली.

बळीरामची बायको धोंडूबाई सकाळी सहालाच आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. खाडी उतरून, पावसात, चालत. आठ तास हेलनच्या पाठीशी उभी राहून तिचे खांदे धरून होती. हेलनने कळ आली की तिच्याच दंडाला दातांनी धरलं, दंड काळानिळा झालाय. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. सहा आठवडे मी ती गावात दिसली की दुसऱ्या वाटेने जात होतो. तिचा नवरा माझ्यामुळे आत, आणि ती माझ्या लेकीला धरून उभी.

पोरगी पुसून हेलनच्या कुशीत दिली. मग धोंडूबाई हात धुऊन बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. तिने आवाजही चढवला नाही.

'भाऊ, पोरगी मोकली झाली. आता माज्या मानसाला घरी आन.'

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. मी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. पोलिसांनी तिला चौकीत बोलावून कोयता दाखवला होता. आपल्या घरात असलं हत्यार कधी आलं नाही, हे तिला बघताक्षणी कळलं, आणि या गावात ते कोणाच्या कमरेला असतं तेही. बळीराम कोपऱ्यात पडला होता, तोंड सुजून डोळे मिटलेले. त्याने नुसती मान हलवली. तिने सांगितलं, आमचाच आहे, आणि कागदावर अंगठा उठवला.

मी म्हटलं, बाई, असं का केलंस? तुझा नवरा फासावर जाईल. ती माझ्यावर चिडली. एवढी वर्षं ओळखतो मी तिला, पहिल्यांदा चिडलेली पाहिली.

'लिडिया माज्या मांडीवर मेली. गाडीत मी व्हते, तू बैलांच्या फुडं व्हतास. तुला काय दिसलं? तुजी पोरगी मला तशी न्यायची नव्हती. म्हनून गप बसलो आमी दोगं. आता उट.'

मी बारा वर्षं समजत होतो की त्या दिवसाचं दुःख माझ्या एकट्याचं. आणि सहा आठवडे समजत होतो की कोणाला काही कळलं नाही. मी किती मोठा गाढव आहे, हे मला एका बाईने दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं आणि मला रडू आलं. होय, रडलो. तिने समजूत घातली नाही.

मग मी कमिटीला सांगितलं. माझ्यामुळे समझोता मोडेल, चाळीस जण पुन्हा आत जातील, दवाखाना हलवतील, सगळं सांगितलं. एकाने मला शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. उर्सुलाकाकी हात गळ्यात बांधून बसली होती. ती म्हणाली की ट्रक परत आला तर आपण परत चिखलात बसू, पण बळीरामला आत ठेवून मिळालेल्या खाटेवर तिची सून बाळंत होणार नाही. त्यावर मग कोणी वाद घातला नाही. दवाखान्याचं काय होईल मला माहीत नाही, मार्सेल. माझं काम झालं म्हणून मी आता सगळ्यांचं काम धोक्यात घालतोय, हे मला कळतं. हे पाप वेगळं, त्याचा हिशेब वेगळा होईल.

आता तुझ्याकडे मागणं. गेल्या वेळी गप्प राहा म्हणून पाय धरले, आज बोल म्हणून धरतो. धोंडूबाईचा अंगठा कागदावर आहे, बळीराम नाकारत नाही, आणि फौजदाराला दुसरा आरोपी नको आहे. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर कोर्ट म्हणेल की हा मित्राला वाचवायला आला. तो कोयता बाबांचा आहे, मुठीवरची तार त्यांनी गुंडाळली, ते गेल्यावर तो ॲन्सेल्मच्या कमरेला गेला, हे तू शपथेवर सांग. आणि सोट्याचंही सांग. मॅजिस्ट्रेटला कळू दे की हा माणूस आधीपासून असाच आहे. घाबरू नको, मी तुझ्यावर चिडणार नाही. चिडलो तरी मध्ये पोलीस असतील.

श्रीपतच्या बायकोला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. सुचेल असंही वाटत नाही.

हेलनला अजून काही सांगितलं नाही. ती झोपली आहे, बर्था जवळ आहे. सांगायचं काम तुझ्यावर टाकतो, काका आहेस तिचा.

धोंडूबाई ओट्यावर बसली आहे. बळीरामचे धुतलेले कपडे पिशवीत घेऊन आली आहे, संध्याकाळी त्याला घालून घरी न्यायचं म्हणते. मी तिला समजावलं की कोर्टात असं एका दिवसात होत नसतं, महिने जातात. तिने ऐकून घेतलं. पिशवी मात्र घरी ठेवायला तयार नाही.

ॲन्सेल्म